विसराळू माणसाच्या घरात टिकणारी झाडे

घरातली कुंडीतली झाडे पाण्यावाचून सुकून जातात, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांतल्या सदनिकांमध्ये झाडे मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने, आणि तीही विसराळू माणसांच्याच घरी. दोन-तीन आठवडे कुंडीकडे कोणाचे लक्ष नसते; मग एखाद्या रविवारी मन खाऊ लागते आणि राहून गेलेल्या सगळ्या दिवसांचे पाणी एकदमच ओतले जाते. मातीच्या कणांमधली हवा त्या पाण्याने बाहेर पडते, मुळांना श्वसनासाठी प्राणवायू मिळेनासा होतो, ती कुजू लागतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्यामुळे माती ओली असूनही पाने माना टाकतात. ती मरगळ पाहून घरातले दुसरे कोणी तरी आणखी एक तांब्या ओतते, आणि तिथे विषय संपतो.

त्यामुळे पुढील सूचनांचा रोख माणसाचा विसराळूपणा घालवण्यावर नाही. झाड असे निवडावे आणि माती अशी भरावी, की विसरणे हेच त्याच्या पथ्यावर पडावे.

आधी जागा, मग झाड

नर्सरीत आवडलेले झाड घरी आणून मग त्याला कोपरा शोधण्याची पद्धत उलटी आहे. आधी घरातला कोपरा ठरवावा आणि भर दुपारी, दिवे बंद ठेवून, तिथे एक पांढरा कागद धरावा. कागदापासून वीतभर उंचीवर हात धरल्यावर सावलीत बोटे स्पष्ट दिसली, तर ती जागा चांगल्या उजेडाची आहे. सावली पडली पण कडा धूसर राहिल्या, तर मध्यम उजेडाची. आणि सावलीच पडली नाही, तर तिथे झाड ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. खिडकीपासून दूर जाताना उजेड किती झपाट्याने कमी होतो, हे डोळ्यांना कळत नाही, कारण बुबुळे लगेच जुळवून घेतात. समोरची इमारत हाताच्या अंतरावर असलेल्या घरात खिडकीपासून पाच-सहा फुटांवरची जागासुद्धा झाडाच्या दृष्टीने अंधारीच असते.

‘अंधारातही वाढते’ असे सांगून जी झाडे विकली जातात, ती अंधारात वाढत नाहीत. साठवलेल्या अन्नावर अनेक महिने तग धरतात, एवढेच. नव्या पालवीचा एकही कोंब न येता झाड वर्षभर जसेच्या तसे उभे असेल, तर त्याला खिडकीजवळ सरकवण्याची वेळ झाली आहे.

उन्हाबाबत आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीला किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे एरवी कधी ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात अचानक ऊन शिरते, आणि वर्षभर सावलीत सुखाने राहिलेल्या झाडाच्या पानांवर करपल्याचे पांढुरके डाग पडतात. तेवढे काही दिवस कुंडी दोन हात आत घ्यावी किंवा पातळ पडदा लावावा. पश्चिमेच्या खिडकीतले एप्रिल-मेमधले तिसऱ्या प्रहरीचे ऊन मात्र पुढे सांगितलेल्या बहुतेक झाडांना सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात तर नाहीच नाही.

झीझी आणि स्नेक प्लांट

खऱ्या अर्थाने दुर्लक्ष सोसणारी झाडे निवडायची झाल्यास माझ्या मते या दोघांच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. दोन्ही आफ्रिकेतली आहेत आणि दोघांनीही कोरडे महिने काढण्यासाठी अंगात साठा करून ठेवण्याची सोय केलेली आहे.

झीझी प्लांट हे पूर्व आफ्रिकेतले, केनिया-टांझानियापासून दक्षिणेकडे पसरलेले झाड आहे. घरोघरी दिसू लागण्याइतके त्याचे उत्पादन नेदरलँड्समधल्या नर्सऱ्यांनी सुरू केले ते 1996च्या सुमारास, म्हणजे कुंडीतले झाड म्हणून ते तसे नवखेच. कुंडीतून काढून पाहिले की त्याचे रहस्य हाती लागते. मातीखाली बटाट्याएवढे, फिकट तपकिरी, कडक गड्डे एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्यातून जाड, पांढरट मुळे निघालेली असतात. पाणी या गड्ड्यांत असते, देठांच्या फुगीर बुडख्यांत असते आणि मेणचट चकाकीच्या पानांतही असते. अशा झाडाला दर दोन दिवसांनी पाणी पाजणे म्हणजे गड्डा कुजवण्याची तजवीज करणे होय. हिवाळ्यात महिन्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोन ते तीन आठवड्यांनी एकदा पाणी त्याला पुरते. दमट पावसाळ्यात घरातल्या कुंडीला सहा आठवडे पाणी मिळाले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. फार तहान लागली, तर ते खालची पाने गाळते आणि देठांवर सुरकुत्या दिसू लागतात. पान पिवळे पडून देठाचे बूड मऊ लागले, तर मात्र तहान नव्हे, कूज आहे. या दोन लक्षणांतला फरक बोटाने दाबून लगेच कळतो आणि तो एकदा कळला की हे झाड मारणे कठीण आहे.

स्नेक प्लांट, म्हणजे पूर्वी सॅन्सेव्हेरिया या नावाने ओळखले जाणारे आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी ड्रसिनाच्या गटात घातलेले झाड, पश्चिम आफ्रिकेतले. तलवारीच्या पात्यांसारखी उभी, जाड पाने आणि त्यांवर करड्या-हिरव्या आडव्या लाटा. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडतात. हे झाड ती मुख्यतः रात्री उघडते, गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर अन्न तयार करते. त्यामुळे उन्हाच्या वेळी त्याच्या पानांतून पाणी उडून जाण्याचे प्रमाण अगदी कमी असते. याच गुणावरून ‘रात्रभर प्राणवायू देणारे झाड’ म्हणून त्याची जाहिरात केली जाते. ती चुकीची आहे, कारण प्राणवायू तयार होण्याच्या प्रक्रियेला प्रकाश लागतोच. रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड घेते, एवढाच भाग खरा.

स्नेक प्लांटला पाणी देताना ते पात्यांच्या मधल्या बेचक्यात ओतू नये. तिथे साचून राहिलेले पाणी बुडापासून कूज आणते. पिवळ्या कडांच्या जातीचे पाते कापून मातीत खोचले तर नवे रोप येते खरे, पण त्याच्या कडा पिवळ्या राहत नाहीत, ते साधे हिरवे येते. पिवळी कड टिकवायची असेल, तर बाजूला फुटलेला पिल्लू कोंब मुळासकट वेगळा करावा.

हात शिवशिवणाऱ्यांसाठी

काही माणसे विसराळू नसतात, उलट त्यांना रोज काहीतरी केल्यावाचून चैन पडत नाही. अशांनी वरची दोन्ही झाडे घेऊ नयेत. त्यांच्यासाठी मनीप्लांट बरे, आणि तेही पाण्यात. मूळचे फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचे हे वेल आता जगभर पसरले आहे. त्याचे देठ कापताना पेराच्या खाली कापावे, कारण मुळे पेरातूनच फुटतात. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर ते कित्येक दिवस हिरवे राहते, क्वचित मुळेही धरते, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. कमी उजेडात पानांवरचे पिवळे शिंतोडे हळूहळू नाहीसे होतात, आणि तोच या झाडाचा उजेडमापक समजावा. कुंडीत तळहाताएवढी राहणारी याची पाने बागेतल्या मोठ्या झाडावर चढल्यावर फूट-दीड फुटांची आणि चिरलेली होतात, तेव्हा वाढ हवी असेल तर त्याला लोंबकळत न ठेवता काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवावे.

पाण्यातल्या झाडांबाबत एक नियम मात्र विसराळू माणसालाही मोडता येणार नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बाटलीतले पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून द्यावे, बाटली आतून घासावी आणि मगच नवे पाणी भरावे, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगतो. कुंड्यांखालच्या बशाही त्याच दिवशी रिकाम्या कराव्यात. हे जमणार नसेल, तर पाण्यातले झाड ठेवू नये. लकी बांबूलाही हेच लागू आहे. (तो बांबू नव्हे, ड्रसिनाचाच एक प्रकार आहे.)

ज्यांना झाडाने स्वतः आठवण करून द्यावी असे वाटते, त्यांच्यासाठी पीस लिली योग्य ठरते. माती कोरडी पडली की तिची सगळी पाने एकाच वेळी लोळण घेतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत पुन्हा उभी राहतात. असे चार-दोन वेळा झाले तर चालते. सवय लागली तर पानांची टोके काळी पडू लागतात. स्पायडर प्लांटच्या जाडसर मुळांतही पाणी साठते, त्यामुळे तो आठवडाभराचा खाडा सहज सोसतो. अॅग्लोनेमा आणि सिंगोनियम मध्यम उजेडात चांगले राहतात. लाल-गुलाबी पानांच्या अॅग्लोनेमाला मात्र हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

कोरफड, जेड आणि पानफुटी यांची नावे ‘सोप्या झाडां’च्या यादीत नेहमी असतात. ती सोपी आहेत ती ऊन मिळणाऱ्या बाल्कनीत. बैठकीच्या खोलीत टीपॉयवर ठेवलेली कोरफड पाणी कितीही बेताने दिले तरी दोन-चार महिन्यांत लांबट, फिकट होऊन आडवी पडते.

नर्सरीतून आणल्यावर

आपल्याकडच्या नर्सऱ्यांतली रोपे बहुधा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. वाहतुकीत रोप हलू नये यासाठी ती माती योग्यच असते. घरात मात्र तो गोळा वाळला की विटेसारखा घट्ट होतो आणि त्याच्यावर ओतलेले पाणी आत न शिरता कडेने निघून जाते, किंवा एकदा भिजला की आठवडाभर आतून चिखल राहतो. म्हणून रोप घरी आणल्यावर आठ-दहा दिवस तसेच ठेवून, नव्या जागेला रुळल्यावर, कुंडी बदलावी. पिशवी ब्लेडने उभी चिरावी, गोळा पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा आणि बोटांनी हलकेच चोळत बाहेरची माती सोडवावी. मधली थोडी माती मुळांना चिकटून राहिली तरी हरकत नाही. ती ओढून काढण्याच्या नादात बारीक मुळे तुटतात.

झीझी आणि स्नेक प्लांटसाठी एक भाग पोयटा माती, एक भाग जाडसर वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखत यांचे मिश्रण पुरेसे आहे. वाळू बांधकामाची चालते, पण चाळून, बारीक पूड काढून टाकून. मनीप्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनेमा यांना वाळू याच्या निम्मी आणि कोकोपीट थोडे जास्त द्यावे. कुंडीच्या बुडाशी खड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही, ते वरच थबकते आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवावा, तेवढे बस. भोक मात्र हवेच. बिनभोकाची चिनी मातीची कुंडी फार आवडली असेल, तर झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवावी आणि पाणी देताना बाहेर काढावी.

मातीच्या आणि प्लॅस्टिकच्या कुंडीत निवड करताना पुन्हा स्वतःचा स्वभाव पाहावा. मातीची कुंडी अंगातून पाणी उडवते, म्हणून जास्त पाणी घालणाऱ्याला ती सांभाळून घेते. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरते, म्हणून विसरणाऱ्याला ती बरी.

पाणी कधी आणि किती

दिवस ठरवून पाणी देऊ नये. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही, आणि एकाच घरातल्या पंख्याखालच्या व न्हाणीघरातल्या कुंडीलाही नाही. बोट मातीत दोन पेरे आत घालून पाहावे; झीझी आणि स्नेक प्लांटसाठी आइस्क्रीमची लाकडी काडी तळापर्यंत खोचून पाहावी आणि ती कोरडी, स्वच्छ बाहेर आली तरच पाणी द्यावे. पाणी देताना मात्र कंजुषी करू नये: भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी. रोज अर्धा कप शिंपडण्याने वरचा थर ओला राहतो, खालची मुळे तहानलेली राहतात आणि मातीवर चिलटे घोंगावू लागतात.

बोअरवेलच्या पाण्यात क्षार जास्त असतील, तर कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो आणि स्पायडर प्लांट, ड्रसिना यांच्या पानांची टोके तपकिरी होतात. अशा घरी पावसाळ्यात मधूनमधून कुंड्या पावसाखाली ठेवून माती धुऊन काढावी. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वाचवण्याच्या हेतूने झाडांना घालण्याची पद्धत वाढली आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरावे.

खताची चिंता या झाडांबाबत करू नये. पावसाळ्याच्या तोंडाला मूठभर गांडूळखत मातीत मिसळले की वर्ष निघते. चहाचा चोथा साखर-दुधासकट कुंडीत टाकण्याने खत होत नाही, मुंग्या आणि बुरशी होते.

गावी जाताना

गणपतीसाठी आठ-दहा दिवस कोकणात जाणाऱ्याने झीझी व स्नेक प्लांटकडे ढुंकून पाहण्याची गरज नाही. उलट निघताना ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून पाणी घालणे टाळावे, कारण बंद घरातल्या दमट हवेत माती वाळणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पीस लिली, सिंगोनियम यांची सोय करावी लागते. पाण्याने भरलेली बादली कुंडीपेक्षा थोड्या उंचीवर ठेवून जाड सुती दोरीचे एक टोक तिच्या तळाशी आणि दुसरे कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोल पुरले, की दोरीवाटे पाणी झिरपत राहते. निघण्यापूर्वी एक-दोन दिवस ही रचना चालवून पाहावी आणि बादलीवर घट्ट कापड बांधावे, ते डासांसाठी.

कीड, आणि अळूची भावंडे

पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसून काढावेत, मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. एकदा फवारून थांबले तर अंड्यांतून नवी पिढी येते. मुख्य म्हणजे नवे रोप आणल्यावर पंधरा दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे.

मनीप्लांट, झीझी, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, पीस लिली आणि डिफेनबेकिया ही सारी अळू-सुरणाच्या कुळातली आहेत. कच्चे अळू ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाजते, तेच यांच्याही पाना-देठांत असतात. अळूच्या भाजीत चिंच पडते ती या खाजेसाठीच. रांगते मूल किंवा मांजर-कुत्रे घरात असेल, तर ही झाडे उंचावर ठेवावीत आणि डिफेनबेकिया तर आणूच नये. मुलाने पान चावलेच, तर तोंड पुसून गार पाण्याने खळखळून धुवावे आणि ओठ-जीभ सुजत असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. स्नेक प्लांटची पाने खाल्ल्यास प्राण्यांना उलट्या होतात. मांजर असलेल्या घरासाठी स्पायडर प्लांट निर्धोक आहे, फक्त मांजर तो शिल्लक ठेवेल याची खात्री नाही.

ही झाडे हवा शुद्ध करतात म्हणून ती घ्यावीत, असे सुचवण्याचे मी टाळले आहे. तो दावा नासाच्या 1989च्या एका अभ्यासावर उभा आहे, आणि तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांत केला होता. 2019मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतल्यावर असे दिसले, की खिडकी-दारांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील. खिडकी उघडणे स्वस्त पडते.

झीझी आणि स्नेक प्लांटची कुंडी दोन-तीन वर्षे बदलावी लागत नाही, दाटीत ती झाडे खुशाल राहतात. गड्ड्यांच्या रेट्याने प्लॅस्टिकची कुंडी एका अंगाला फुगलेली दिसली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डे सुटे करून त्यांच्या दोन कुंड्या कराव्यात, कापलेला भाग एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, मग लावावे, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये.